लोकवन नावाचं वन कुठेच नाही

शहरातल्या मराठी मध्यमवर्गाला गव्हाबद्दल तीन गोष्टी पक्क्या ठाऊक असतात. एक, पूर्वीचा गहू चांगला होता. दोन, हरितक्रांतीच्या नावाखाली कुणा परदेशी माणसाने तो बिघडवला. तीन, खपली गहू साध्या गव्हाच्या कितीतरी पट भावाने विकत आणला की हे पाप धुतलं जातं, शिवाय वजन, साखर आणि सांधेदुखीही आटोक्यात येते. या तिन्ही गोष्टी मी गेली काही वर्षं लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या बैठकीत आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ऐकतो आहे. सांगणारी माणसं शिकलेली असतात. एरवी बिल भरण्यापूर्वी तीनदा तपासतात. गव्हाच्या बाबतीत मात्र काहीच तपासत नाहीत.

सुरुवात लोकवनपासून करू, कारण महाराष्ट्रात ‘आपला नेहमीचा जुना गहू’ म्हणजे लोकवन. नाव कानाला गोड आहे. लोकांचं वन, कुठल्याशा रानातून आलेलं देशी वाण, असं काहीतरी मनात येतं. प्रत्यक्षात हे नाव आहे ‘लोक-१’. त्यातल्या एक या आकड्याचा इंग्रजी उच्चार ‘वन’, आणि बाजाराच्या तोंडी त्याचं झालं लोकवन. ‘लोक’ आलं लोकभारतीवरून. गुजरातेत भावनगर जिल्ह्यातल्या सणोसरा गावी नानाभाई भट्टांनी १९५३ साली उभी केलेली ही गांधीवादी ग्रामशिक्षण संस्था. तिथल्या झवेरभाई पटेलांनी हा वाण निवडून काढला आणि १९८०च्या आसपास तो शेतकऱ्यांच्या हाती आला. त्याचे आईबाप कोण? एस-३०८ आणि एस-३३१, म्हणजे सोनालिका आणि छोटी लेर्मा. दोन्ही मेक्सिकोहून आलेल्या बुटक्या गव्हांच्या वंशातले. ज्या ‘बिघडलेल्या’ गव्हाच्या नावाने आपण बोटं मोडतो, त्याचंच हे लेकरू आपण जुना गावरान म्हणून कौतुकाने निवडून घेतो.

शरबतीचीही हीच तऱ्हा. मध्य प्रदेशातला शरबती म्हणून नावाजलेला गहू बहुतांशी सी-३०६ या जातीचा असतो. ती उंच वाढते, कमी पाण्यात येते, तिची पोळी खरोखरच सुरेख होते. पण ती पंजाबच्या संशोधकांनी संकरातून निवडून १९६५ साली प्रसारित केलेली जात आहे. आणि ‘शरबती सोनोरा’ या नावाचा जो गहू साठच्या दशकात आला, तो तर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत मेक्सिकोच्या तांबड्या सोनोरा-६४ वर किरणांचा मारा करून तयार केलेला. का? कारण भारतातल्या गृहिणीला पोळीसाठी तांबडा दाणा चालेना, तिला सोनेरी हवा होता. प्रयोगशाळेने तिचं ऐकलं. हे मला त्या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत लोकशाही पाऊल वाटतं.

आता खपली. ही मात्र अस्सल जुनी. शास्त्रीय वर्गवारीत एमर म्हणतात तो हा गहू, हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलेला. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात त्याची खीर होते, कानडी मुलखात त्याच खिरीला हुग्गी म्हणतात. दाण्याला टरफल घट्ट चिकटलेलं असतं. मळणी केली तरी सुटत नाही, पुन्हा कांडावं लागतं. खपलीची आठवण काढून गहिवरणाऱ्यांना खीर आठवते, उखळाशी उभी असलेली बाई आठवत नाही. घरोघर खपली का मागे पडली याचं उत्तर शोधायला परदेशी कटापर्यंत जायची गरज नाही. टरफल सहज सुटणारा गहू मिळाल्यावर त्या बाईने सुटकेचा निश्वास टाकला असेल, एवढं समजून घेतलं तरी पुरे.

आणि आज दुकानात मिळणारी खपली कुठून येते? धारवाडच्या कृषी विद्यापीठाने डीडीके १०२५, डीडीके १०२९ असे वाण दिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस २९७१ दिला. निलगिरीतल्या वेलिंग्टन केंद्राने एनपी २०१ या उंच खपलीवर गॅमा किरण टाकून एचडब्ल्यू १०९८ हा वाण काढला. या सगळ्यांतलं समान सूत्र काय? सगळे बुटके आहेत. उंच खपली खत-पाणी मिळालं की आडवी पडत असे. संशोधकांनी तिची उंची कमी केली, उत्पन्न वाढवलं, म्हणून ती शेतकऱ्याला परवडू लागली. ‘शास्त्रज्ञांनी हात न लावलेला गहू’ म्हणून जी पिशवी आपण छातीशी धरतो, तिच्यातल्या दाण्यावर तीन सरकारी संस्थांपैकी कुणाचे तरी हात फिरलेले असण्याची शक्यता मोठी आहे. हल्ली ‘सोना मोती’ नावाने विकल्या जाणाऱ्या गोल दाण्याच्या प्राचीन गव्हाला तर वनस्पतिशास्त्रात ‘भारतीय बुटका गहू’ असंच नाव आहे. बुटकं असणं हाच गुन्हा असेल, तर तो मेक्सिकोच्या आधी इथे घडलेला आहे.

या बुटकेपणाची एवढी भीती का, हेही पाहू. उंच गव्हाला भरपूर नत्र दिलं तर तो आणखी उंच होतो, ओंबी जड होते आणि वारा-पाऊस आला की पीक लोळतं. लोळलेल्या पिकाचा दाणा भरत नाही, कापणीलाही हाती लागत नाही. जपानमध्ये १९३५ साली नोरिन-१० नावाचा आखूड काडाचा गहू प्रसारित झाला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचं बी अमेरिकेत गेलं, तिथे ऑरव्हिल व्होगेल यांनी त्याचे संकर केले, आणि त्यांच्याकडून ते मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे पोचलं. नोरिनमधली जनुकं एवढंच करतात, की झाडाला उंच करणाऱ्या जिबरेलिन या संप्रेरकाला झाड फारशी दाद देत नाही. काड आखूड राहतं, वाचलेलं बळ दाण्यात जातं. यात एका प्रजातीचं जनुक प्रयोगशाळेत दुसऱ्या प्रजातीत घातलेलं नाही. भारतात जनुकपरावर्तित गव्हाच्या लागवडीला परवानगीच नाही. ‘जीएम गहू खाऊन पोटं बिघडली’ असं सांगणारा माणूस अस्तित्वात नसलेल्या पोळीबद्दल बोलत असतो. ‘हायब्रीड’ हा शब्दही असाच. ज्वारी-बाजरीचं संकरित बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं. आपल्याकडे शेतात दिसणारा गहू मात्र सरळ वाणाचा. स्वपरागी पीक, घरचं बी राखा, पुढच्या वर्षी पेरा. २००१च्या पीकवाण संरक्षण कायद्याने तो हक्क लिहूनही दिलेला आहे.

इथवरचा गैरसमज केवळ गमतीचा असता तर मी लिहायला बसलो नसतो. माझ्या नात्यातल्या एका मुलीला सीलिअ‍ॅक आजार आहे. ग्लुटेन पोटात गेलं की तिच्या आतड्याचं अस्तर खराब होतं. रक्त, हाडं, उंची, सगळ्यावर परिणाम होतो. तिच्या आईला दिवाळीच्या एका प्रदर्शनात विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितलं, “ताई, खपली बिनधास्त द्या, हिच्यात ग्लुटेन नसतं.” खपलीत ग्लुटेन असतं. कमी चिवट असेल, पोळी वेगळी होत असेल, पण असतं, आणि त्या मुलीच्या आतड्याला तेवढं पुरतं. आई डॉक्टरांना विचारून घेणारी होती म्हणून निभावलं. न विचारणाऱ्या आया किती असतील? परंपरेच्या नावाखाली विकलेल्या थापेची किंमत इथे एक लहान शरीर मोजतं, आणि विक्रेता पुढच्या प्रदर्शनात त्याच वाक्यासह उभा असतो.

गव्हात ग्लुटेन वाढवून ठेवलं म्हणून आजार वाढला, असाही दावा असतो. अमेरिकेतल्या कृषी खात्याचे डोनाल्ड कसार्डा यांनी विसाव्या शतकातल्या तिथल्या गव्हाची आकडेवारी तपासून २०१३ साली निबंध लिहिला. पैदाशीमुळे ग्लुटेन वाढल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. खपलीत तंतू आणि प्रथिनं चांगली असतात आणि काही अभ्यासांत तिचे फायदे दिसले आहेत, हे मी नाकारत नाही. आवडत असेल तर जरूर खा. कोरडवाहू शेतकऱ्याला तिचे चार पैसे जास्त मिळत असतील तर त्याहून चांगलं काय? मात्र धान्य म्हणून खा, ताईत म्हणून नको.

आता दुसरी बाजू. कारण गव्हाच्या संशोधनाची आरती ओवाळणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. १९६४-६५ साली देशात सुमारे सव्वा कोटी टन गहू पिकत होता, आता अकरा कोटी टनांच्या वर पिकतो. हा आकडा तोंडावर फेकला की सगळे प्रश्न संपले असं त्यांना वाटतं. ते संपत नाहीत. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड इथे १८४३ पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे आणि दरवर्षीचे दाणे जपून ठेवलेले आहेत. ते तपासल्यावर दिसलं, की साठच्या दशकात बुटके वाण आल्यापासून दाण्यातलं जस्त, लोह, तांबं आणि मॅग्नेशियम घटत गेलं आहे. हा आरोप खरा आहे, आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवरून नाही, गव्हाच्या शास्त्रज्ञांकडूनच आला. शरबती सोनोरात लायसिन हे पोषक द्रव्य पुष्कळ वाढल्याचा जो डांगोरा त्या काळी पिटला गेला, तोही पुढे टिकला नाही. मूळ सोनोराहून ते फारसं वेगळं नव्हतं. गावोगावचे बन्सीसारखे वाण शेतांतून गेले, त्यातल्या कित्येकांचं बी कुणीच जपलं नाही. ज्या शेतकऱ्यांनी हौसेने किंवा हट्टाने ते राखलं, त्यांचे उपकार संशोधकांनीही मानायला हवेत.

पंजाबच्या पाण्याचं काय? तिथली भूजलपातळी खाली गेली हे निर्विवाद. पण फुकट वीज, हमीभावाची खात्री फक्त दोन पिकांना आणि कमी पावसाच्या मुलखात भात, हे निर्णय कुठल्याही ओंबीत लिहिलेले नव्हते. ते मंत्रालयांत झाले. गव्हाच्या जनुकाला शिव्या घालणं सोपं असतं, कारण ते निवडणूक लढवत नाही. विजेच्या धोरणावर बोलायचं तर शेजाऱ्याशी, मेव्हण्याशी, आपल्याच आमदाराशी वाकडं येतं.

आणि दाण्यातल्या घटलेल्या जस्तावर उपाय काय निघाला? तोही पैदाशीतूनच. जस्त जास्त असलेले डब्ल्यूबी ०२, एचपीबीडब्ल्यू ०१ असे गहू भारतात प्रसारित झाले आहेत. संशोधनाची चूक संशोधनानेच दाखवली आणि संशोधनच ती दुरुस्त करू पाहतं आहे. आठवणींच्या धंद्याला ही सोय नसते. आजीचा गहू चुकीचा ठरूच शकत नाही, कारण तो कुणी मोजलेलाच नसतो.

आजीच्या काळाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळात तांबेरा होता. पानांवर, काडांवर गेरूसारखे फोड येतात, हात लावला की भुकटी बोटांना लागते, आणि भरात आलेलं शेत काही दिवसांत चिपाड होतं. एकोणिसाव्या शतकात विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने नर्मदाखोऱ्यात या रोगाने उडालेली दाणादाण लिहून ठेवली आहे. १९४६-४७च्या हंगामात मध्य भारतात पुन्हा तेच झालं. उन्हाळ्यात मैदानात गहू नसताना हा रोग जगतो कुठे, हे कोडं आग्र्याच्या के. सी. मेहता यांनी सोडवलं. निलगिरी-पळणीच्या आणि हिमालयाच्या थंड डोंगरांत तो तग धरतो आणि हंगामात वाऱ्याबरोबर खाली उतरतो. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खाऊन परतणाऱ्या किती जणांना तिथे गहू गेरवा संशोधन केंद्र आहे हे माहीत असतं?

तांबेऱ्याच्या या लढाईत खपलीने काय केलं, ते तिच्या भक्तांनाच ठाऊक नाही, याचं मला खरं दुःख आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातून अमेरिकेत गेलेली खपली तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्याच्या जागतिक संचात बसली. जगभरच्या प्रयोगशाळांत रोमन लिपीत ‘खपली’ हे नाव लिहिलं गेलं. तिच्यातून एसआर-१३ आणि एसआर-१४ ही प्रतिकारक जनुकं मिळाली. १९९८-९९ साली युगांडात यूजी-९९ हा तांबेऱ्याचा नवा प्रकार सापडला आणि जगातल्या बहुतांश गव्हाचं कवच फुटलं, तेव्हा एसआर-१३ अजून कामाचं होतं. बोरलॉगच्या गव्हांत टिकून राहिलेलं एसआर-२ हे जनुकसुद्धा मुळात एमरचं; १९१६ साली साउथ डकोटात एडगर मॅकफॅडन यांनी एमर आणि साध्या गव्हाच्या संकरातून ते आणलं. म्हणजे नव्या गव्हाच्या अंगात जुन्या गव्हाचं रक्त आहे. जुना विरुद्ध नवा हे भांडण दुकानाच्या फळीवर आहे, शेतात ते कधीच नव्हतं.

मग आज प्रश्न काय आहे? मार्च २०२२ मध्ये दाणा भरण्याच्या वेळी उत्तर भारत भाजून निघाला आणि १३ मे रोजी सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. २०१६ साली बांगलादेशात गव्हावर करपा उतरला, त्यापायी सीमेलगतच्या नदिया-मुर्शिदाबादमध्ये गहू पेरणंच बंद करावं लागलं. महाराष्ट्रात तर थंडी मुळातच थोडकी. आपलं हेक्टरी उत्पन्न पंजाबच्या निम्म्याहूनही कमी. निफाडच्या केंद्रातून त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती, गोदावरी असे आपल्या तुटपुंज्या थंडीत येणारे वाण निघाले. नेत्रावती एखाद-दुसऱ्या पाण्यावर येतो. आघारकर संस्थेत सध्या नोरिनऐवजी दुसऱ्या बुटक्या जनुकांवर काम चालतं, आरएचटी-१४ आणि आरएचटी-१८ गटातल्या. कारण नोरिनच्या गव्हाचा कोंब आखूड, बी खोल पेरलं तर वर येत नाही. या दुसऱ्या जनुकांचा कोंब लांब असतो. ओल खोल गेलेल्या जमिनीत किंवा भाताच्या खुंटांतून, ते न जाळता, असा गहू उगवून येऊ शकेल.

एक वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. आज पैसे दिले नाहीत तर रिकामं पोतं आज दिसत नाही, २०३५ साली दिसतं. म्हणूनच या कामाची कुणाला घाई नसते. गव्हाचं बी शेतकरी घरी राखू शकतो, त्यामुळे खासगी कंपनीला त्यात फारसा रस नाही. हे काम सार्वजनिक पैशातूनच होणार. आणि सार्वजनिक पैसा लोकांच्या विश्वासावर चालतो. ‘शास्त्रज्ञांनी गहू बिघडवला’ असं निम्म्या शहराला वाटत असेल, तर निफाडमधल्या रिक्त जागा भरा म्हणून कोण मोर्चा काढणार?

यात संशोधन संस्थांचाही दोष मोठा आहे. त्यांनी मराठी वाचकाशी बोलणं कधी आपलं काम मानलंच नाही. शिवारफेरीत शेतकऱ्याला बियाण्याची पिशवी आणि खताचं कोष्टक मिळतं, शहरी ग्राहकाला काहीच नाही. ती रिकामी जागा ज्यांच्याकडे विकायला काहीतरी आहे अशांनी भरली. निबंध इंग्रजीत, अहवाल इंग्रजीत, आणि थापा तेवढ्या शुद्ध मराठीत. थापांनी बाजी मारली यात नवल ते काय?

माझी मागणी साधी आहे. आंब्याच्या पेटीवर हापूस की पायरी हे लिहिलेलं असतं, तसं गव्हाच्या पिशवीवर वाणाचं खरं नाव आणि तो काढणाऱ्या संस्थेचं नाव छापा. ‘गावरान’, ‘प्राचीन’, ‘मूळ देशी’ हे शब्द पुराव्याशिवाय वापरायला बंदी करा, आणि कुठल्याही गव्हाला ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणणाऱ्याला दंड करा. आघारकर, निफाड, महाबळेश्वर इथल्या माणसांनी वर्षातून एकदा तरी आपलं काम मराठीत, ग्राहकासाठी लिहावं. आणि आपण, पोळी खाणाऱ्यांनी, दुकानदाराला एकच प्रश्न विचारायला लागावं: “हा गहू कुठल्या जातीचा?” तो म्हणेल, लोकवन. तेव्हा त्याला सणोसऱ्याच्या झवेरभाई पटेलांचं नाव सांगा. निदान एका माणसाचं ऋण तरी त्या काट्यावर मोजलं जाईल.